गाळलेली ओळ

४ मार्च

आणि तिनं टेबलावर थाप मारली. मधमाश्यांच्या उताऱ्याचा दुसरा परिच्छेद चालू होता. मी थांबलो.

"कुठे गेला होतात?"

इथेच आहे, म्हटलं. वाचतोय की.

"तोंड वाचतंय. तुम्ही नव्हता. ‘कामकरी माशी’पासून नव्हता."

कागदावर ती ओळ शोधली. खरंच, तिथून पुढचं काही आठवेना. वाचलं मीच, मोठ्यानं, कुठे न अडखळता. पण मी होतो खिडकीबाहेर. समोरच्या गच्चीत कोणी कपडे वाळत घालत होतं, त्या चिमट्यांत.

"तुम्ही गेलात की मी पण जाते," ती म्हणाली. "तुमच्या मागोमाग. मला दुसरी वाटच नाही."

ती म्हणजे उमेदवार. जन्मापासून दिसत नाही. कायद्याच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा द्यायची आहे. सगळी परीक्षा उताऱ्यांची — लांबच लांब उतारे, त्यांवर प्रश्न, प्रश्नाला चार पर्याय. ब्रेलमध्ये पेपर छापत नाहीत. संगणक वाचतो तो तिथे चालत नाही. मग कोणीतरी शेजारी बसून वाचायचं, ती सांगेल त्या पर्यायावर खूण करायची. इतरांची परीक्षा दुपारी संपते. हिला जादा वेळ मिळतो, म्हणून संध्याकाळ होते. तेवढा वेळ वाचणारा तो ‘वाचक’. आजपासून मी.

परीक्षा तीनदाच देता येते. दोनदा देऊन झाली. पहिला वाचक जांभया द्यायचा. दुसरा भला माणूस होता — जो पर्याय त्याला बरोबर वाटेल त्यावर आवाज चढवायचा, हिला मदत म्हणून.

"आणि?"

"आणि काय! चुकीच्यांवर चढवायचा."

हसली. मी हसलो की नाही आठवत नाही.

६ मार्च

तिनं नेमून दिलेले नियम. आवाज सपाट ठेवायचा. पर्याय चारही सारख्या चालीनं. समजावून सांगायचं नाही. वाक्याच्या शेवटाकडे धावायचं नाही.

आणि टेबलावरची खूण. बोटानं एकदा ठोकलं — तेच वाक्य परत. दोनदा — पुढे चला. तीनदा — तुम्ही गेलात, परत या.

मी विचारलं, तिसरी खूण फार लागेल का?

"बघू या ना."

आज पाच-सहा वेळा लागली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. बोटं अशी की टेबल दुखत असेल.

सराव तिच्याच दवाखान्यात. शेवटचा रुग्ण गेला की. औषधी तेलाचा वास, रेक्झिनचं उंच बाकडं, भिंतीवर माणसाच्या कण्याचं चित्र. ते चित्र तिनं कधी पाहिलेलं नाही. मी मात्र वाचता वाचता त्या कण्याचे मणके मोजत बसतो! उद्या पाठ करून बसायचं.

७ मार्च

मला ती ‘वाचक’ म्हणते. "सर म्हणणार नाही, दादा म्हणणार नाही. सर म्हटलं की माणूस शिकवायला लागतो. दादा म्हटलं की काळजी करायला लागतो."

मी तिला काहीच म्हणत नाही. अहो-जाहो करतो.

१२ मार्च

ऑफिस. आमचं काम शब्दकोशाचं. कपाटं, कपाटांत खण, खणांत चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द. प्रत्येकाला अक्षर वाटून दिलंय, म्हणून नावं मागे पडली. ‘न’च्या बाई, ‘ट’वाले, मी ‘म’. ‘ट’वाल्यांचं अक्षर संपलं त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत रिकाम्या खणाकडे बघत बसले होते. मग त्यांना ‘ठ’ दिलं.

मला हे वाचनाचं सुचवलं ते ‘न’च्या बाईंनी. "आवाज बरा आहे हो तुमचा. नुसता घडी घालून ठेवलाय."

दिवसभर सुटे शब्द. शब्द बघायचा, अर्थ ताडायचा, चिठ्ठी पालथी करायची, पुढची उचलायची. वाक्याचं एक टोक धरून दुसऱ्या टोकापर्यंत जायची सवय गेली. कॉलेजात कविता शिकलो तेव्हा एकेका ओळीपाशी तास तास बसत असे. तो मीच का?

सध्या ‘मन’ चालू आहे. मन लागणं, मन उडणं, मन राखणं, मन मोडणं. चिठ्ठ्यांचा ढीग. संपादक येऊन म्हणाले, "मन फार लांबलं. आटपा."

१३ मार्च

ऑफिसातून कोऱ्या चिठ्ठ्या आणल्या. वाचताना ओळीखाली एक धरायची, ओळ संपली की खाली सरकवायची. शब्दकोशातली सवय. डोळा घसरत नाही.

आज तिसरी खूण दोनदाच.

१९ मार्च

घरीही सराव करायचा ठरवलं. खुर्ची भिंतीला लावून बसलो, उतारा मिठागरांचा. मीठ काढणारी माणसं समुद्राचं पाणी वाफ्यात अडवतात. दिवसचे दिवस ऊन खायला ठेवतात. मीठ धरायला लागलं की आकाशाकडे बघत बसतात — आता एक सर आली तर सगळं परत पाणी.

तिथपर्यंत आलो आणि भिंतीवर ठोका. पलीकडून. एकच.

पलीकडे कोणीतरी म्हातारा असावा. इथे आल्यापासून त्याचा खोकला ऐकतोय. जड, खालच्या पट्टीतला. कपात चमचा फिरवल्याचं ऐकू येतं. दारावर पाटी नाही. जिन्यात कधी गाठ पडली नाही.

आवाज उतरवला. थोड्या वेळानं परत ठोका. जरा जोरात.

उतारा तिथेच सोडला. खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली. लाज वाटली. कोणाला आपला त्रास होतोय हे कळायला भिंत लागावी!

२० मार्च

स्वयंपाकघरात वाचलं. हळू आवाजात. तिसरी खूण द्यायला कोणी नाही, त्यामुळे गेलो की गेलोच. दूध उतू गेलं.

२४ मार्च

रविवार. वहिनीचा फोन.

"भावजी, जेवलात का?"

"हो."

"तुम्ही ‘हो’ म्हणता ना, तेव्हाच मला कळतं."

दादा मागून काहीतरी म्हणाला. वहिनी त्याला म्हणाली, "तुम्हीच घ्या ना मग फोन!" त्यानं घेतला नाही.

२ एप्रिल

तिला बाहेरगावी जावं लागलं, म्हणून सराव फोनवर. ऑफिसातून येऊन स्वयंपाकघरात बसलो, दार लावून वाचायला लागलो. अर्ध्या पानावर म्हणाली:

"तुमच्याकडे पडदे नाहीत का हो?"

नाहीत.

"कपाटंही नाहीत. गाद्या-बिद्या? तुमचा आवाज तुमच्याकडेच परत येतोय. मला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो."

होते, म्हटलं. पडदेही होते, कपाटही. नेले.

"कोणी?"

बायकोनं. तिचेच होते.

 मग फोनच्या तोंडावर दोनदा नख वाजलं. पुढे चला.

बरं झालं. विचारलं असतं तर काय सांगणार होतो? भांडण नव्हतं. दुसरं कोणी नव्हतं. बायको बोलायची, मध्येच थांबायची. "ऐकतोयस ना?" हो. "मग काय म्हणाले मी?" आणि मी तिचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायचो. तिला सगळ्यात राग त्याचाच यायचा.

३ एप्रिल

आज बोललो: बसमध्ये "पुढे उतरायचंय." एवढंच.

९ एप्रिल

विचारलं तिला, कायदाच का?

बँकेत सही करायला गेली होती. तिची सही आहे, चांगली वळणदार, शाळेतल्या बाईंनी हात धरून गिरवून घेतलेली. बँकेतला माणूस तिच्याशी बोललाच नाही. बरोबर आलेल्या रिक्षावाल्याला म्हणाला, "त्यांना सांगा, अंगठा लागेल."

"रिक्षावाला म्हणाला, मला काय सांगता, त्यांचे कान चांगले आहेत. मी म्हटलं, बघा, वकील तर मिळाला. पण रोज कुठून आणू रिक्षावाला?"

"मग अंगठा दिलात?"

"दिला. पैसे काढायचे होते ना. तो डाग दोन दिवस गेला नाही." अंगठा वर धरून दाखवला, जणू डाग अजून तिथे आहे. "म्हणून म्हणते, वाचक, ही शेवटची खेप आहे. तुम्ही जागचे हलू नका."

१८ एप्रिल

पूर्ण पेपर, पूर्ण वेळ, परीक्षेसारखा. ती एकदा पाणी प्यायली. मी दोनदा.

पहिले दोन उतारे मी होतो. तिसऱ्यात घसा लागला आणि घशाकडे लक्ष गेलं. चौथ्यात लक्ष आहे की नाही याकडेच लक्ष! तिनं तीनदा ठोकलं. मी म्हटलं, आत्ता तर होतो.

"होतात. पण उताऱ्यात नव्हता. स्वतःवर पहारा करत होतात. ते नको. मला पहारेकरी नकोय."

मग काय करू?

"काय लिहिलंय त्याची उत्सुकता धरा. एवढंच असतं हो ते. पुढे काय झालं — बस."

एवढंच असतं! मी शब्दकोशात इतकी वर्षं काढली, तिथे पुढे काहीच होत नाही. ‘मन’नंतर ‘मनगट’ येतं.

२९ एप्रिल

आज एकदाही तिसरी खूण नाही. संपूर्ण पेपरभर!

बाहेर पडलो तर रस्ता वेगळा दिसत होता. दुकानांच्या पाट्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. कोणाला तरी सांगावंसं वाटलं. वहिनीला फोन लावला, उचलला नाही. पलीकडे खोकला चालू होता. त्याला काय सांगणार?

७ मे

‘मन’ संपलं. ‘मनगट’.

१२ मे

उद्या परीक्षा. ती म्हणाली, आज वाचू नका, बोलूही नका, घसा राखा.

न बोलणं मला जड नाही.

१३ मे

लिहून ठेवायलाच हवं. जसं झालं तसं.

शाळेची इमारत. आम्हाला वेगळी खोली — शास्त्राची प्रयोगशाळा. सिंक, गंजलेले नळ, काचेच्या कपाटात बरणीत घालून ठेवलेला साप. पर्यवेक्षक एक पोक्त गृहस्थ, चष्मा दोरीला बांधलेला. आधी माझा खिसा बघितला. चिठ्ठी काढून घेतली.

"कोरी आहे," मी म्हटलं. "ओळीखाली धरायला."

"कोरा कागद आत नाही. नियम मी केलेले नाहीत, पण आज पाळायचे मला आहेत."

पेपर सुरू. पहिल्या परिच्छेदाशी तिनं एकदा ठोकलं. मी वाक्य परत वाचलं. गृहस्थ उठले.

"हे काय?"

तिनं सांगितलं, एकदा म्हणजे परत, दोनदा म्हणजे पुढे.

"ठोकाठोकी चालणार नाही. खाणाखुणा होतात त्या. तोंडानं ‘परत’ म्हणा, ‘पुढे’ म्हणा. आणि वाचकानं पेपरवरचं सोडून एक शब्द बोलायचा नाही. बोलले तर पेपर थांबवणार."

तिसऱ्या खुणेचं नावही आम्ही काढलं नाही. काय सांगणार — या माणसाचं मन उडतं, तेव्हा वाजवते? इतके दिवस घासून-पुसून एक भाषा तयार केली, आणि ती नेमकी परीक्षेत चालते का, हे दोघांपैकी एकालाही विचारायचं सुचलं नाही! तिचा हात टेबलाखाली गेला. शेवटपर्यंत मांडीवर होता.

तरी सकाळ चांगली गेली. करारांवरचा एक उतारा, नद्यांवरचा एक, लशींवरचा एक. तिनं सांगितल्याप्रमाणे पुढे काय, पुढे काय करत गेलो. चिठ्ठी नव्हती, तर बोट धरलं ओळीखाली. जेवणाच्या सुट्टीत तिनं दोन बिस्किटं खाल्ली. "आहात तुम्ही," म्हणाली. तेवढंच बोलणं.

दुपारी उजेड पिवळा झाला. बाहेरची मुलं सुटली, मैदानातून त्यांचा गलका आला, मग तोही गेला. इमारतीत आम्ही तिघंच. पाचवा उतारा होता आवाजावर. इमारती बांधताना आवाजाचा विचार कसा करतात. साधा, माहितीचा. तिसऱ्या परिच्छेदाला आलो — रिकाम्या खोलीत उच्चारलेला शब्द भिंतींवर आदळून परत येतो. खोलीतले पडदे, गाद्या, कपाटं हा आवाज शोषून घेतात.

मी वाचत राहिलो.

आणि हमाल जिन्यात कपाट अडकवून उभे होते. वरचा म्हणत होता तिरकं घे, खालचा म्हणत होता तूच घे. बायको दारात. हातात पडद्यांचा गठ्ठा, वरून हनुवटीनं दाबलेला. "दिवाणखान्यातला दिवा बदलून घे," म्हणाली. मी "हो" म्हटलं. आणि त्या "हो"चा आवाज मोठा आला. खोलीभर. पहिल्यांदा.

उतारा संपला. मी प्रश्नांवर आलो होतो. म्हणजे नुसतं तोंड पोचलं होतं.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तिनं पटकन दिली. तिसरा: उताऱ्यानुसार, खोलीत एक व्यक्ती येऊन बसल्यास काय होते? चारही पर्याय सपाट वाचले. ती थांबली.

"परत."

परत वाचला.

कपाळाला आठी. मग म्हणाली, "ड."

ड म्हणजे — याविषयी उताऱ्यात माहिती नाही.

पेन टेकवणार, तेवढ्यात डोळा वर गेला. तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ सोडून दोन ओळींची सुरुवात ‘खोलीतले’नं होती. पहिली वाचून मी थेट दुसरीवर उतरलो होतो. त्यांच्यामधलं वाक्य राहिलं होतं: ‘खोलीत एक जरी माणूस येऊन बसला, तरी हा प्रतिध्वनी मोजण्याइतका कमी होतो.’

तोंड उघडलं आणि मिटलं. गृहस्थ बघत होते. मी चुकलो, असं पेपरात कुठे छापलेलं नाही. ते बोलायची परवानगी नव्हती. ड वर खूण केली असती, तर कोणालाही कधीही कळलं नसतं. तिलाही नाही.

उतारा पहिल्या वाक्यापासून परत वाचायला लागलो.

"अहो," गृहस्थ म्हणाले, "त्यांनी मागितलेला नाही."

मी थांबलो नाही. दुसरं वाक्य. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते उठून म्हणाले:

"वाचक, थांबा!"

तिची मान माझ्याकडे वळली. चेहरा असा, जसा कोणी पायरी समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी. सगळं त्या एका क्षणात कळलं तिला. काय चुकलं ते नाही, चुकलंय ते.

"परत," ती म्हणाली. "मी मागते आहे. पूर्ण उतारा."

कुठे भोक आहे ते तिला माहीत नव्हतं. मला सांगता येत नव्हतं. म्हणून पूर्ण! मी वाचला. प्रत्येक ओळ, बोट धरून. ते वाक्य आलं तेव्हा आवाज सपाट ठेवला. देवाशपथ सपाट ठेवला. ते संपताच तिनं श्वास सोडला. बाकी उत्तरं तीच. तिसऱ्याला म्हणाली, "ब."

तो वेळ गेला तो गेला. शेवटचा उतारा अर्धा वाचून झाला आणि गृहस्थांनी पाच मिनिटं सांगितली. चार प्रश्न न वाचता राहिले.

"क लावा. सगळ्यांना क."

लावले.

जिन्यात ती कठडा धरून उतरत होती. मी मागे. खालच्या वळणावर थांबली.

"कुठे गेला होतात?"

घरी, म्हटलं. सामान गेलं त्या दिवशी.

मला वाटलं, आता बोलेल. बोलायला हवं होतं. एक पायरी उतरली. मग म्हणाली, "मला नेहमी कळतं. तुम्ही गेलात की कळतं. आज कळलं नाही. म्हणजे मी पण नव्हते."

"तुम्ही कुठे?"

"हॉस्टेलची खोली. पहिल्यांदा एकटी राहिले ती. आई मला सोडून गेली आणि मी टाळी वाजवून बघितली, खोली केवढी आहे ते." जरा हसली. "केवढी होती हो!"

रिक्षात बसवून दिलं. सोडायला येऊ का विचारलं. नको म्हणाली.

दोघं होतो तिथे. ती ओळ वाचली गेली नाही आणि ऐकली गेली नाही.

१४ मे

ऑफिसला गेलो. ‘न’च्या बाईंनी विचारलं, कशी झाली? बरी, म्हटलं.

१७ मे

काही नाही.

२३ मे

दवाखान्यावरून बस जाते. आत दिवा होता. दिवा रुग्णांसाठी लावते, स्वतःला लागत नाही. उतरलो नाही. कशासाठी उतरणार? वाचायला काही नाही.

३० मे

संध्याकाळी एक उतारा घेऊन बसलो, स्वयंपाकघरात, सवयीनं. दोन वाक्यं वाचली. कोणासाठी? मिटवून ठेवला.

हे समजत नाही: आता मन उडत नाही. ऑफिसात नाही, बसमध्ये नाही. जिथल्या तिथे बसून असतं. जायला जागा नसल्यासारखं.

८ जून

पलीकडचा खोकलाही कमी झालाय. का मीच ऐकत नाही?

११ जून

दिवाणखान्यातला दिवा बदलला.

१८ जून

फोन. तिचा.

"झालं, वाचक."

काय झालं, विचारलं.

"यादीत आहे. खालून चौथी, पण आहे. तो एक प्रश्न चुकला असता तर नसते. मी हिशेब केला. आणि ते क होते ना? त्यांतला एक बरोबर निघाला!"

मी अभिनंदन म्हटलं. वाईट वाटलं, शब्द किती कोरडा आला. परत म्हटलं. ती हसली. "एकदा ठोकलं होतं का मी?"

मग विचारलं, आता अभ्यास — एवढी पुस्तकं — वाचायला —

"कॉलेज देतं. पगारी वाचक. एक मुलगी आहे म्हणे, तिथेच शिकणारी. बोलून झालं तिच्याशी. आवाज चांगला आहे. जरा भरभर बोलते, करीन सरळ."

"कराल."

"तुम्ही काय करणार संध्याकाळचं?"

बघू, म्हटलं.

"तुमच्याकडे अजून आवाज परत येतोय," ती म्हणाली. "पडदे घ्या हो."

फोन ठेवला. खूप आनंद झाला. खरंच झाला. मग पाणी प्यायलो आणि ग्लास हातात धरून उभा राहिलो. चांगली बातमी सांगायला पूर्ण घर फिरलो.

१९ जून

सकाळी कचरा ठेवायला दार उघडलं, तर शेजारचंही उघडलं. म्हातारा नाही — म्हातारी. बारीक, पाठीत वाकलेली, अंगात बंड्यांवर बंड्या. आवाज मात्र तोच, खोकल्याचा.

"बंद का केलंत हो वाचायचं?"

मी म्हटलं, तुम्ही भिंत ठोकलीत. त्रास होत होता ना.

"त्रास? अहो, ऐकू येईना म्हणून ठोकलं! तुम्ही आणखी हळू केलंत. परत ठोकलं, तर उठून आतच गेलात!" धाप लागली, दाराला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "त्या मिठाच्या माणसांचं काय झालं? पाऊस आला का मधे?"

स्वयंपाकघरातून खुर्ची आणली, भिंतीला लावली. उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मोठ्यानं. ऑफिसला उशीर झाला.